जास्तीचा एक 'ए'

बाळा,

शनिवारी ओक ट्री रोडवर तुझे बाबा भेटले. एका हातात मेथीच्या जुड्या, दुसऱ्यात तांदळाची पिशवी. "पोराचं आयटीसाठी कॉलेज ठरलं वहिनी," म्हणाले, आणि मग आवाज खाली आणून, "कम्युनिटी कॉलेज आहे." घरातलं दुखणं सांगावं तसं. मी तुला रात्रीच फोन करणार होते, पण फोनवर तू नुसता "हो काकू, हो काकू" करतोस आणि किती पोचलं ते मला कळत नाही. म्हणून लिहिते.

बाबांच्या त्या खालच्या आवाजाचं आधी उरकते. गणपतीत तुला चारजण तरी विचारतील, "राज्याच्या मोठ्या युनिव्हर्सिटीत, रटगर्सला नाही का मिळालं?" विचारू देत. अमेरिकेतलं सगळ्यात जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज इलिनॉयमध्ये जोलिएटला आहे, १९०१ सालचं, आणि त्याच्या नावात अजूनही 'ज्युनिअर कॉलेज' आहे. कराडला आजीला हे सांगितलंस तर म्हणेल, "अरे, बारावी तर झाली ना तुझी?" आपल्या लोकांचा घोळ बहुतेक असाच नावावरून होतो. इथे दोन वर्षांत साधारण साठ क्रेडिटं करायची (विषय पूर्ण केला की जमा होतात ती एककं), हातात असोसिएट डिग्री येते, मग नोकरी नाहीतर चार वर्षांच्या कॉलेजात थेट तिसरं वर्ष. फी बरीच कमी. घरून जा-ये करता येते, आईच्या हातचा डबा मिळतो. एडिसनचं मिडलसेक्स कॉलेज जिथे उभं आहे तिथे पूर्वी लष्कराचं दारूगोळ्याचं कोठार होतं. त्यामुळे तिथे जागा ऐसपैस आहे, पण तरी सकाळी नऊला पार्किंग मिळत नाही. दहा मिनिटं हाताशी ठेवून नीघ.

आता मुद्द्याचं.

मी २००१ साली अशाच एका कॉलेजात नाव घातलं. पुण्याची बी.कॉम., लग्न होऊन इथे आलेली, ग्रीन कार्ड नुकतंच हातात. कॉम्प्युटर शिकायचं एवढंच माहीत होतं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, कुठला प्रोग्रॅम? मी यादीत बोट ठेवलं, 'नेटवर्किंग' असं काहीतरी लिहिलं होतं. त्याच्यापुढे ए.ए.एस. ही अक्षरं होती. खालच्या ओळीत दुसऱ्या एका प्रोग्रॅमपुढे ए.एस. होतं. मला वाटलं, एक 'ए' जास्त आहे, म्हणजे चांगलंच असणार. हसू नकोस.

तो जास्तीचा 'ए' म्हणजे अप्लाइड : असोसिएट इन अप्लाइड सायन्स. ए.ए.एस. हा थेट नोकरीला जाणाऱ्यांसाठी असतो. त्यात हाताने करायचे विषय जास्त, गणित आणि इतर सामान्य विषय कमी. ए.एस., म्हणजे असोसिएट इन सायन्स, पुढे पदवी करणाऱ्यांसाठी. मला हे कळलं अडीच वर्षांनी, पदवीला अर्ज केला तेव्हा. माझी बावीस क्रेडिटं त्या युनिव्हर्सिटीने धरली नाहीत. बावीस क्रेडिटं म्हणजे किती संध्याकाळी, किती गार झालेली जेवणं, ते तुझ्या काकांना विचार. दोष कोणाचा? काउंटरवरच्या बाईंनी विचारलं त्याचं मी उत्तर दिलं. मी त्यांना काहीच विचारलं नाही.

तुझ्यासाठी परिस्थिती बरीच बरी आहे. न्यू जर्सीत २००८ पासून राज्यभराचा करार आहे. इथल्या कम्युनिटी कॉलेजातून ए.ए. (असोसिएट इन आर्ट्स) किंवा ए.एस. पूर्ण करून राज्याच्याच सरकारी युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला, तर तुझी सामान्य विषयांची क्रेडिटं धरावी लागतात आणि तू तिसऱ्या वर्षाला बसतोस. प्रवेश मिळेलच असं करार म्हणत नाही, तेवढं लक्षात ठेव. आणि ए.ए.एस. त्या करारात येत नाही. ए.ए.एस. वाईट असं मी म्हणत नाही. माझ्या टीममधला सगळ्यात तयारीचा माणूस ए.ए.एस.च आहे, त्याला पुढे शिकायचंच नव्हतं आणि ते त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुझं मात्र बाबांशी "पुढे एनजेआयटी बघू" (न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) असं बोलणं झालंय म्हणे. मग अक्षरं बघून घे.

ॲडव्हायजरकडे, म्हणजे विषय निवडायला मदत करणाऱ्याकडे, जाशील तेव्हा "हा विषय ट्रान्सफर होतो का?" असं विचारू नकोस. उत्तर "हो" येईल आणि ते खरंही असेल. पुष्कळदा युनिव्हर्सिटी विषय धरते, पण मोकळ्या इलेक्टिव्हच्या, म्हणजे आवडीने घ्यायच्या विषयांच्या, खात्यात टाकते आणि सक्तीचा विषय पुन्हा करायला लावते. विचारायचं असं : "एनजेआयटीच्या आयटी पदवीत हा विषय कशाच्या जागी धरतील?" एनजे ट्रान्सफर नावाची राज्याची वेबसाइट आहे, तिथे कॉलेज आणि विषय घातला की समोरच्या युनिव्हर्सिटीतला जोडविषय दिसतो. आधी ते बघ, कागदावर उतरव आणि कागद घेऊनच ॲडव्हायजरसमोर बस. रिकाम्या हाताने गेलेल्या पोराला ते दहा मिनिटं देतात. कागद घेऊन आलेल्याला अर्धा तास देतात, हे मी बघितलंय.

आपल्याकडे हे कोणी शिकवत नाही. बोर्ड विषय ठरवतं, वेळापत्रक भिंतीवर लागतं, आणि वर्गात शंका विचारली की मागून कोणीतरी हसतं. विचारणं म्हणजे आपलं अज्ञान उघडं पाडणं, असं अंगात मुरलेलं असतं. इथे तुला कोणी अडवत नाही, हीच पंचाईत आहे. चुकीचा विषय घेतलास तरी घेऊ देतात, फी भरून घेतात आणि शुभेच्छा देतात.

गणिताच्या प्लेसमेंट टेस्टला बारावी सायन्सच्या गुर्मीत बसू नकोस. दोन वर्षं हात लागला नसेल तर लॉगॅरिदम आणि त्रिकोणमिती विसरायला होते. कमी मार्क पडले की खालच्या वर्गात घालतात, त्याचे पैसे पडतात, आणि ती क्रेडिटं डिग्रीत मोजत नाहीत. पंधरा दिवस उजळणी कर.

पैशांचं थोडक्यात. ग्रीन कार्डवर आलायस, त्यामुळे फाफ्साचा, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षण-मदतीचा, फॉर्म भरता येतो. त्यातली पेल ग्रँट ही मदत बसली तर ती परत फेडायची नसते, वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर असा आकडा गेली काही वर्षं चालू आहे. राज्य सरकारच्या मदतीसाठी इथे सलग बारा महिने राहिलेलं असावं लागतं. हे फॉर्म बाबांबरोबर बसून भर, त्यांचं उत्पन्न लिहावं लागतं. आणि हो, बाबांना आत्ताच सांगून ठेव की कॉलेजात फोन करून "माझ्या मुलाचे मार्क सांगा" म्हटलं तर कोणी सांगणार नाही. १९७४ चा कायदा आहे. एकदा तू कॉलेजात गेलास की तुझे मार्क तुझे. बाबांना ते अपमानासारखं वाटेल. फोन करायची पाळीच येऊ देऊ नकोस, आपणहून दाखव.

आता मजेचा भाग.

पहिल्या सेमिस्टरला बहुधा तुला नेटवर्कची केबल करायला लावतील. निळ्या आवरणाची वायर, आत आठ तारा, चार जोड्यांमध्ये पिळलेल्या. आवरण सोलायचं, पीळ सोडवायचा, आठही तारा सरळ करून रंगांच्या क्रमाने लावायच्या : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मग प्लॅस्टिकच्या कनेक्टरमध्ये सारून क्रिंपर नावाच्या पकडीने दाबायचं. बघ त्या क्रमात, हिरव्याची जोडी फुटलीये, निळी जोडी तिच्या मध्ये येऊन बसलीये. मला ते विचित्र वाटलं. मी माझ्या अकलेने हिरवा हिरव्याशेजारी लावला, निळा निळ्याशेजारी, दोन्ही टोकांना तस्सच. टेस्टर लावला तर एक ते आठ सगळे दिवे ओळीने हिरवे. मी खूश. सरांनी ती केबल दोन मशीनना जोडली आणि मोठी फाईल पाठवायला सांगितली. गोगलगाय बरी. मध्येच तुटायची, परत सुरू व्हायची.

सर म्हणाले, "दिवा फक्त तार इथून तिथे पोचली एवढंच सांगतो." कनेक्टरच्या तीन आणि सहा नंबरच्या खुंट्यांवरून (पिनांवरून) एकच सिग्नल जातो आणि त्या दोन तारा एकमेकींत पिळलेल्या असाव्या लागतात, तरच शेजारणीची बडबड त्यांच्यात शिरत नाही. माझ्या केबलमध्ये तीनवर एका जोडीतली होती आणि सहावर दुसऱ्या जोडीतली. मग मी विचारलं, हा आयुष्यात वर्गात विचारलेला पहिला प्रश्न असेल, की मुळात निळी जोडी मध्ये का घातली? सरांचे डोळे असे चमकले. मधल्या दोन खुंट्या जुन्या टेलिफोनच्या जोडीच्या, म्हणून नव्यांना तिच्या दोन्ही बाजूंना सरकून बसावं लागलं. वर्ग सुटल्यावर ते अर्धा तास थांबून फळ्यावर आकृत्या काढत होते. दिवसा ते एका शाळेचं नेटवर्क सांभाळायचे. दोन वर्षांनी त्यांच्याच शाळेत मला पहिली नोकरी लागली.

संध्याकाळच्या वर्गांना असे शिक्षक पुष्कळ असतात, दिवसभर हेच काम करून आलेले. शक्य असेल तिथे संध्याकाळचा वर्ग घे. शेजारच्या बाकावर दोन पोरांचा बाप बसलेला असेल, गोदामातली पाळी करून आलेला. त्याच्याशी दोस्ती कर, तो गृहपाठ कधी चुकवत नाही.

सर्टिफिकेटांबद्दल तू विचारलं होतंस. कॉम्पटिया या संस्थेचं ए प्लस, कॉम्प्युटर दुरुस्ती-मदतीच्या कामाचं, दोन परीक्षांचं असतं आणि तीन वर्षं चालतं. नेटवर्किंग आवडलं तर सिस्को या नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीचं सीसीएनए. विद्यार्थ्यांना कॉम्पटियाच्या परीक्षा सवलतीत मिळतात, कॉलेजात विचारल्याशिवाय पूर्ण पैसे भरू नकोस. पॅकेट ट्रेसर हे सिस्कोचं नेटवर्कच्या सरावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आजच उतरवून घे आणि दोन राउटर एकमेकांशी बोलायला लावून बघ. पण ए प्लस झालं की नोकरी ठेवलेलीच आहे असं कोणी म्हणालं तर मान हलव आणि सोडून दे. नवशिक्यांना सध्या वाट बघावी लागतेय. म्हणून पहिल्याच सेमिस्टरला कॉलेजच्या कॉम्प्युटर-मदतीच्या हेल्प डेस्कवर विद्यार्थ्यांसाठी काम आहे का बघ. पगार बेताचा असतो. पण "प्रिंटर चालत नाही" म्हणून वैतागून आलेल्या बाईंना शांतपणे "शेवटचा कधी चालला होता?" आणि "त्यानंतर काय बदललं?" हे विचारायची सवय लागते. मी वीसहून जास्त वर्षं पोट भरतेय ते मुख्यतः याच दोन प्रश्नांवर. पहिल्याचं उत्तर लोक बरोबर देतात, दुसऱ्याचं नेहमी "काहीच नाही" असतं आणि ते कधीच खरं नसतं.

एआयकडून गृहपाठ करून घेतोस का, हे मी विचारत नाही. सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे पत्ते लहान गटांत वाटणं, मात्र हाताने कर, पेन्सिलीने. /२६ आकाराचा गट म्हटलं की चौसष्ट पत्ते, वापरायला बासष्ट, हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. मुलाखतीला मी समोर बसते तेव्हा कोरा कागद पुढे सरकवते आणि गप्प बसते.

रविवारी दुपारी ये, जेवायलाच ये. कपाटात माझा जुना क्रिंपर आहे आणि केबलचं अर्धं खोकं. येताना कॉलेजचं प्रवेशाचं पत्र आण. तुझ्या प्रोग्रॅमपुढे किती अक्षरं छापली आहेत, ते आधी बघू.

तुझी,
काकू