"ताई, मी एकटाच उरलोय"

"मुलं येत नाहीत. सगळं मलाच बघावं लागतं. माझ्यानंतर कोण?"

ठाण्यात समुपदेशन करताना हे मी सारखं ऐकते. आमच्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजात रविवारचे वर्ग घेणारे, सिनेगॉगच्या (प्रार्थनामंदिराच्या) कमिटीवरचे, मुलांची शिबिरं भरवणारे, सगळ्यांचं दुखणं हेच. इस्रायलमधल्या अश्दोद आणि लोदहून व्हिडिओ कॉलवर बोलणारे मराठी कार्यकर्तेही हेच सांगतात. तिथे तर आपली माणसं इथल्यापेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे प्रश्न नुसता संख्येचा नाही, हे माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय.

डॅनियलभाऊंचं उदाहरण देते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय पन्नाशीचं, नोकरी बँकेत. मुलांना हिब्रू आणि प्रार्थना शिकवायच्या, शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, मिनियानसाठी (सामूहिक प्रार्थनेला लागणारी किमान संख्या) दहा पुरुष जमवायला शुक्रवारी दुपारपासून फोन करायचे, सणांची तयारी करायची, सगळं त्यांच्याकडे. झोप उडाली म्हणून बायकोने माझ्याकडे पाठवलं. तू बिश्वात या झाडांच्या सणाचा मलिदा, म्हणजे गोड पोहे आणि फळांचं ताट मांडून करायचा आमचा विधी, थाटात झाला, लोकांनी कौतुक केलं आणि त्याच रात्री यांनी राजीनामा लिहून काढला.

"कार्यक्रम चांगला झाला ना?"

"झाला हो. पण ज्यांना शेमा, आपली मूळ प्रार्थना, शिकवला ती पोरं इस्रायलला गेली. उरलीत ती मोबाइलमध्ये. मी एकटा किती ओढू?"

"त्या दिवशी जेवलात कधी?"

बराच वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, "रात्री. ताटात मलिदा उरला होता, तोच."

पहिल्या काही भेटींत मी समाजाचा विषय काढूच दिला नाही. वेळेवर जेवण, झोप, संध्याकाळी बायकोबरोबर तलावपाळीला एक फेरी, बास. ते वैतागले. "मी काय विचारायला आलो आणि तुम्ही काय सांगताय?"

तेव्हा मी म्हटलं, "भाऊ, ज्यांच्या नावाने आपण मलिदा करतो, त्या एलियाहू हन्नाबींचं, आपल्या प्रेषितांचं, कार्मेलनंतर काय झालं?"

त्यांना पाठच होतं. आमच्या धर्मग्रंथातल्या राजांच्या पहिल्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय. कार्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला हा माणूस राणी ईजबेलच्या धमकीने बैरशेबाच्या पुढे वाळवंटात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचा चंबू देतो. तो पुन्हा झोपतो, देवदूत पुन्हा उठवून खायला घालतो. पुढे होरेब डोंगरावर देव विचारतो, "एलियाहू, तू इथे काय करतोयस?" उत्तर येतं, "मी एकटाच उरलोय." प्रश्न पुन्हा येतो, उत्तर अक्षरशः तेच.

डॅनियलभाऊ मधेच थांबले. "हे तर माझंच वाक्य."

अशा वेळी समुपदेशकाने घाई करू नये. मी नुसता कोरा कागद पुढे सरकवला. "मलिद्याला कोण आलं नाही ते तुम्हाला तोंडपाठ आहे. कोणी काय केलं ते लिहा."

पोहे कोणी भिजवले? शेजारच्या आंटीने. नारळ कोणी खवले? कॉलेजातल्या एका मुलीने, आणि खवता खवता ती विचारत होती की ताटात गुलाब कशाला ठेवायचा. सतरंज्या? दोन भाऊ, जे एरवी प्रार्थनेला फिरकतही नाहीत. फळं, भांडी, गाडी... कागद उलटावा लागला. मागच्या बाजूलाही नावं होतीच. ते कागदाकडे बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. "मी यांच्यातल्या एकालाही पुढचं काम सांगितलं नाही."

माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे की माणूस परिस्थितीपेक्षा जास्त खचतो ते परिस्थितीबद्दल तो स्वतःशी जे घोकतो त्याने. ते घोकणं वाद घालून सुटत नाही. देवही एलियाहूशी वाद घालत नाही. तो कामं नेमून देतो, त्यातलं एक म्हणजे एलिशाला आपल्या जागी तयार करणं, आणि सांगतो की बआल या परक्या देवापुढे न झुकलेले सात हजार अजून आहेत. वारस आणि मोजदाद, दोन्ही एकदमच. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर एलियाहूंच्या रथाची खूण आहे असं मानणाऱ्या आपण हा अध्याय दरवर्षी वाचावा, असं मी प्रत्येक कार्यकर्त्याला सांगते.

दुसरी जागा त्याच धर्मग्रंथातल्या निर्गम या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातली. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसलेला बघून सासरे यित्रो म्हणतात की तूही थकशील आणि हे लोकही. लोकही! ताटकळत उभं राहून माणसं कंटाळतात आणि एक दिवस यायची थांबतात. मग आपण म्हणतो, कोणाला आस्था नाही.

म्हणून ग्रुपवर "सर्वांनी यावे" असा मेसेज टाकू नका. एका माणसाला फोन करा आणि एकच काम सांगा, त्याला जमेल असं. जो प्रश्न विचारतो त्याच्याकडे आधी वळा. मुलांवर चिडायचं नाही, कारण तापट माणसाच्या हातून शिकवणं होत नाही, हे हिल्लेल या आपल्या जुन्या गुरूने पिर्के आवोत या बोधवचनांच्या ग्रंथात सांगून ठेवलंय. आणि शिकून इस्रायलला गेलेल्या मुलाला गमावलेला धरू नका. कोकणात तेलघाण्यावर शनिवार पाळणाऱ्या आपल्या पूर्वजांनी शेमा घराघरांतूनच टिकवला होता. तुमचा विद्यार्थी तो बैरशेबात म्हणत असेल, तर तुमचा वर्ग चालूच आहे. मात्र झोप आणि भूक कित्येक आठवडे परतली नाही, किंवा मरणाचे विचार येत असतील, तर आधी डॉक्टर गाठा.

डॅनियलभाऊंनी नारळ खवणाऱ्या त्या मुलीकडे लहान मुलांचा वर्ग दिलाय. मिनियान अजूनही एखाद्या शनिवारी जमत नाही. त्या दिवशी कद्दिशची स्तुतिप्रार्थना, तोरा या धर्मग्रंथाचं वाचन असे दहा जण लागणारे भाग सोडून बाकीची प्रार्थना म्हणतात आणि घरी येऊन जेवतात. आता नवीनच अडचण आलीय. मुलीला वर्ग रविवारऐवजी शनिवारी, शब्बाथ सुटल्यावर घ्यायचाय, आणि गाण्यांपासून सुरुवात करायचीय. भाऊंना ते अजिबात पटलेलं नाही. पुढच्या भेटीला दोघंही येणार आहेत.