पाच वाजताचा छोटा डबा

वजन उतरवायला निघालेली बहुतेक माणसं पहिल्याच भेटीत विचारतात, "मॅडम, मधलं खाणं बंदच करू ना?" त्यावर मला एका ताईंची हकिगत सांगावीशी वाटते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

ताई घोडबंदर रोडला राहणाऱ्या, चाळिशीतल्या, नोकरी फोर्टात. साखर सीमारेषेवर आल्यामुळे डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं होतं. त्यांनी स्वतःच नियम घालून घेतले: सकाळी नुसता चहा, डब्यात एक पोळी, भाजी आणि काकडी, मग रात्रीपर्यंत काही नाही. भात, गोड, तळलेलं सगळं वर्ज्य. "तरी काटा हलत नाही. माझ्यातच निग्रह नाही," म्हणताना त्यांचे डोळे भरून आले.

मी त्यांना अख्खा दिवस घड्याळ धरून सांगायला लावला. डबा दुपारी एकला. सहानंतर सीएसएमटीहून लोकल, पुढे ठाणे स्टेशनबाहेर टीएमटीच्या बसची रांग आणि तिथेच वड्यांचा घाणा. कधी दोन वडापाव व्हायचे. कधी मन मारून त्या पुढे जायच्या, पण साडेआठला घरी पोचल्यावर कुकर होईपर्यंत ओट्याशी उभ्यानेच फरसाण आणि बिस्किटं. मग जेवण. मग रात्रभर चुटपुट, आणि सकाळी आणखी कडक नियम.

एक ते साडेआठ पोट रिकामं, तेही जेमतेम प्रथिनं असलेल्या डब्यावर. अशा भुकेपुढे कुणाचाही निग्रह टिकत नाही. हे मी त्यांना अगदी स्पष्ट सांगितलं, कारण स्वतःला दोष देत राहणारं माणूस फार दिवस कुठलाच आहार पाळू शकत नाही.

डब्यात मटकीची उसळ आणि दोन पोळ्या आल्या, सोबत ताक. पाच वाजता, भूक भडकायच्या आधी, ऑफिसातच छोटा डबा उघडायचा. त्यात मूठभर भाजलेले चणे ठेवले. तीस ग्रॅम चण्यांत साधारण 6 ग्रॅम प्रथिनं मिळतात. चार दिवसांत तक्रार आली, "कोरडे लागतात, घशाखाली उतरत नाहीत." मग कांदा, टोमॅटो, कोथिंबीर आणि वर लिंबू. कधी जांभळी नाक्यावरून आणलेला पेरू तिखटमीठ लावून, कधी उकडलेलं अंडं. शेंगदाणे मात्र छोट्या वाटीनेच, कारण 100 ग्रॅममध्ये साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात. 'डाएट चिवडा' नावाच्या पाकिटावर माझा विश्वास नाही. पाकीट उलटून तेल किती ते वाचा. एक ग्रॅम तेलाच्या 9 कॅलरी होतात, तेवढ्याच प्रथिनांच्या 4.

सासूबाईंना हे पटेना. "बारीक व्हायचंय आणि पाचला खायचंय?" एकदा त्यांनाही बोलावून घेतलं, दिवसाचं गणित समोर मांडलं. पुढे मटकी भिजवून मोड आणायचं काम त्यांनीच उचललं.

वडापाव आम्ही बंद केला नाही. शनिवारी एक, घरच्यांसोबत बसून, आणि त्या रात्री हलकं जेवण. महिन्यातल्या एका रविवारी मामलेदारची मिसळ. ठरलेला दिवस हाताशी असला की रोजची ओढ पुष्कळ कमी होते, हे मी अनेकांत पाहिलं आहे.

सुरुवातीला काटा जवळजवळ तिथेच होता. आधी थांबलं ते ओट्याजवळचं खाणं, आणि माझ्या मते तीच मोठी गोष्ट होती. मग वजन हळूहळू उतरू लागलं. आठवड्याला अर्धा किलो खूप झालं, एखादा आठवडा कोराही जातो. सोबत कंबर मोजा. आपल्याकडच्या बायकांसाठी 80 सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी 90 ही मर्यादा धरतात.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाण्याच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदला. आणि वेळेवर, पोटभर खाऊनही लपून खूप खाल्लं जात असेल, नंतर मुद्दाम उलटी काढावीशी वाटत असेल, तर आहारतक्त्याच्या मागे न लागता आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्यावर उपचार आहेत, आणि त्यात लाजण्यासारखं काहीही नाही.