उपकारांची वही

"लोकांनी माझ्यासाठी इतकं केलं, आणि आता त्यांच्यातलं कुणी समोरून येताना दिसलं की मी रस्ता बदलते. मी कृतघ्न आहे का हो?"

४१ वर्षांच्या त्या बाई समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत हे बोलल्या आणि पर्समधून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. (त्यांच्या संमतीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) दीड वर्षापूर्वी त्यांच्या यजमानांना मोठा अपघात झाला होता. चार महिने दवाखान्यात गेले. त्या काळात कुणी पैसे दिले, कुणी रात्री सोबत बसलं, कुणी त्यांच्या वाटची ऑफिसची कामं उरकली. वहीत दोन रकाने होते : डावीकडे कुणी काय केलं, उजवीकडे ते कसं फेडलं. पैशांच्या नोंदींपुढे बरोबरच्या खुणा होत्या. पण 'शेजारच्या काकू, मुलीला शाळेत सोडलं, ६४ दिवस' यापुढे काहीतरी लिहून पुन्हा पुन्हा खोडलं होतं. तिथला कागद झिजून पातळ झाला होता.

फेडायचं म्हणून त्या कुणालाच 'नाही' म्हणत नव्हत्या. वर्गणी गोळा करणं, सहकाऱ्यांची जादा कामं, कुणाच्या मुलाचा अभ्यास, सगळं अंगावर घेतलेलं. सुट्टीचा दिवस उरला नव्हता आणि झोप तर उडालीच होती.

सुरुवातीला मी चुकले. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्या गोष्टींबद्दल कृतज्ञ वाटतं त्या नियमाने लिहून काढणाऱ्यांना आपलं आयुष्य अधिक समाधानाचं वाटलं, असं त्यात दिसलं. तोच सराव मी त्यांना दिला. पुढच्या आठवड्यात त्या आणखी ओढलेल्या चेहऱ्याने आल्या. "मॅडम, अजून अकरा माणसं निघाली." मी कृतज्ञतेची वही दिली होती, त्यांच्या हातात पडली ती कर्जाची.

आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे, मिंधेपणा. तो कृतज्ञतेच्या इतका शेजारी राहतो की एकाच्या जागी दुसरा कधी येऊन बसला ते कळत नाही. फिलिप वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या संशोधनात हा फरक स्पष्ट दिसतो : मदत करणाऱ्याची परतफेडीची अपेक्षा जितकी वाढती दाखवली, तितकं ओझं वाढलं आणि कृतज्ञता कमी झाली. म्हणून मी विचारलं, "काकूंनी परत काही मागितलं?"

त्या बराच वेळ गप्प होत्या. "नाही. कधीच नाही."

एका नातेवाइकाची गोष्ट मात्र वेगळी होती. केलेल्या मदतीची ते चारचौघांत आठवण करून द्यायचे. त्यांचे पैसे परत गेले होते, आभारही मानून झाले होते. त्यांच्यासमोर जीव गुदमरतो याला मी तरी कृतघ्नपणा म्हणणार नाही. ते पान आम्ही तिथेच मिटलं.

मग काकूंना पत्र. मार्टिन सेलिगमन यांच्या गटाने २००५ मध्ये हा प्रयोग तपासला होता : ज्यांचे आभार मानायचे राहून गेले त्यांना पत्र लिहायचं आणि स्वतः जाऊन द्यायचं. लिहिणाऱ्यांना त्यानंतर साधारण महिनाभर बरं वाटत राहिलं. बाईंच्या पहिल्या मसुद्यात 'तुमचे पांग कसे फेडू' चार वेळा होतं. मी म्हटलं, ही वाक्यं काढा, फक्त काय घडलं ते लिहा. दुसऱ्या मसुद्यात आलं : 'तुम्ही तिची वेणी घालून तिला न्यायचात. दवाखान्यात तिचा फोटो यायचा, त्यात वेणी घट्ट दिसायची. तेवढ्याने मला वाटायचं, घर चालू आहे.'

त्यांनी ते वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या, "दिवस कोण मोजतंय गं? माझी मुलं लांब गेल्यापासून सकाळी घर खायला उठायचं. तुझी लेक वाटभर बडबडायची."

अंगावर घेतलेल्या कामांची यादी आम्ही त्यानंतर काढली. प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न : कुणाचं देणं नसतं, तरी केलं असतं? नेटा वाइनस्टाइन आणि रिचर्ड रायन यांच्या २०१० च्या अभ्यासात, आपणहून केलेल्या मदतीने करणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही बरं वाटलं; दडपणाखाली केलेल्या मदतीचा तसा लाभ दिसला नाही. सात कामांतलं एकही उरलं नाही. आठवं त्यांनी स्वतः सुचवलं. दवाखान्यात नव्याने आलेल्या नातेवाइकांना कुठला कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा, विम्याचा अर्ज कसा भरायचा, डॉक्टरांना काय विचारायचं, हे सांगायला त्या आता दर गुरुवारी दोन तास जातात.

गेल्या गुरुवारी मुलीची परीक्षा होती. त्यांनी फोन करून सांगितलं, "आज जमणार नाही."

त्या रात्री झोप लागली का, असं मी विचारलं. लागली होती.