धुतल्यावरही घामट वास

प्रश्न : ऑफिसला घालते ती महागडी लेगिंग्ज आणि जॅकेट धुऊनही वास मारतात. गुडघ्यांशी कापडही सैल पडलंय. काय करू?

उत्तर : फॅब्रिक सॉफ्टनर वापरत असाल तर आधी तो बंद करा. पॉलिएस्टर घामातलं तेल धरून ठेवतं. त्यावर सॉफ्टनरचा थर बसला की साबण आत पोहोचत नाही. कपडे उलटे करून, ५ लिटर साध्या पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा. मग खळबळून, कमी डिटर्जंटमध्ये, ३० अंशांवर धुवा. ब्लीच अजिबात नको. व्हिनेगरशी मिसळल्यास विषारी वायू होतो. घामेजलेले कपडे बॅगेत कोंबून ठेवू नका, वास तिथेच मुरतो. वाळवणं सावलीत. सैल गुडघे मात्र पूर्ववत होणार नाहीत. इलॅस्टेन (कापडातला ताणला जाणारा धागा) उष्णतेनं कमजोर होतं, म्हणून ड्रायर आणि इस्त्री टाळाच.