मैत्रीतून प्रेम : २० मिनिटांच्या हिंदी शॉर्टफिल्ममध्ये ते ‘अचानक’ वाटू नये म्हणून काय करावं?

तुम्ही विचारलंय की कॉलेजचा ग्रुप नाशिकमध्ये २० मिनिटांची हिंदी शॉर्टफिल्म करतोय, दोन जिवलग मित्र प्रेमात पडतात, पण स्क्रिप्ट वाचणारा प्रत्येक जण म्हणतो, “हे अचानक कसं झालं?”

अचानक वाटतं, कारण मैत्री दिसलेलीच नसते. “हम बचपन के दोस्त हैं” हे वाक्य प्रेक्षक ऐकतो आणि विसरतो. त्याऐवजी दोघांची एक सवय ठरवा आणि ती तीनदा दाखवा. उदाहरणार्थ मिसळ. रविवारी सकाळी दोघं मिसळ खायला जातात, तो न बोलता स्वतःचा पापड तिच्या ताटात ठेवतो, ती कांदा त्याच्याकडे सरकवते. पहिल्यांदा हे दुसऱ्या मिनिटाच्या आत यायला हवं, आणि त्यावर एकही संवाद नको. दुसऱ्यांदा, साधारण नवव्या मिनिटाला, सोबत तिसरं कोणी आहे. तो पापड उचलतो आणि तिचं ताट दूर आहे म्हणून परत ठेवतो. तिसऱ्यांदा ती नाहीच. पापड तसाच राहतो. एवढ्यात प्रेक्षकाला कळलेलं असतं, पात्रांना अजून कळायचं असतं, आणि या कथाप्रकाराचा सगळा जीव त्या अंतरात आहे.

‘कुछ कुछ होता है’ (१९९८) मधला बास्केटबॉल याच कामासाठी आहे. कॉलेजात अंजली राहुलला हरवते, पुढे समर कॅम्पमध्ये साडी नेसून खेळताना हरते. खेळ तोच, अर्थ बदललेला. ‘जाने तू... या जाने ना’ (२००८) मध्ये घरचे सुरुवातीलाच लग्नाचा विषय काढतात आणि दोघं तो उडवून लावतात. त्यामुळे पुढे प्रत्येक प्रसंगात आपण त्यांच्या एक पाऊल पुढे असतो. तुमच्याकडे अडीच तास नाहीत, म्हणून एकच सवय पुरे.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे अडथळा म्हणून खलनायकी बॉयफ्रेंड आणणं. तो वाईट निघाला की निवड आपोआप होते, नायक-नायिकेला काही करावंच लागत नाही. खरा अडथळा एकच असतो: बोललो आणि नकार आला, तर मैत्रीही जाईल. ही भीती टोकाला न्यायला काळाची मर्यादा लागते, आणि ती नाशिकमध्ये आयती मिळते. मुलगी देवळाली कॅम्पमधल्या लष्करी कुटुंबातली ठेवा, मुलगा पंचवटीतला. वडिलांच्या बदलीचा आदेश आला की घड्याळ सुरू. शिवाय दोघं हिंदीत का बोलतात, हा प्रश्नही सुटतो. त्याची हिंदी पंचवटीतल्या मुलाचीच राहू द्या, “मेरेको” वगैरे सकट. चिडला की तो मराठीत घसरेल आणि तिला ते सगळं समजत असेल.

वेळेची विभागणी ढोबळ मानाने अशी धरा: सहा मिनिटं मैत्री, दहा मिनिटं गोंधळ, चार मिनिटं शेवट. बहुतेक स्क्रिप्ट मैत्री दोन मिनिटांत उरकतात आणि प्रेमाच्या कबुलीला सहा मिनिटं देतात. कबुलीचं भाषण कापा. तीन वाक्यांपेक्षा जास्त असेल तर लेखक बोलतोय, पात्र नाही. गाण्याचा मोंटाज, म्हणजे गाण्यावर जोडलेली छोट्या छोट्या दृश्यांची मालिका, तर टाळाच. तो नेमका तोच बदल झाकतो जो दाखवायचा आहे, आणि परवानगी नसलेलं फिल्मी गाणं महोत्सवात अडतं, यूट्यूबवर दावा येतो.

कॅमेऱ्यानेही ही गोष्ट सांगता येते. पहिल्या भागात दोघं शेजारी शेजारी, एकाच फ्रेममध्ये, शक्यतो कट न करता. मित्र एकमेकांकडे फारसं बघत नाहीत, दोघं मिळून तिसरीकडे बघतात. मधल्या भागात वेगवेगळे क्लोजअप सुरू करा: एक बघतो तेव्हा दुसरा बघत नसतो. दोघं एकाच वेळी एकमेकांकडे बघतील असा शॉट पूर्ण फिल्ममध्ये एकदाच, शेवटी.

मोबाइलवर शूट करत असाल तर सेकंदाला २५ फ्रेम्स ठेवा आणि शटर १/५० सेकंदावर लॉक करा. आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे. १/६० वर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं आणि ते एडिटिंगमध्ये नीट जात नाही.

लोकेशनचं बोलायचं तर सोमेश्वरचा धबधबा पावसाळ्यात सुंदर दिसतो, पण संवाद गिळून टाकतो. तिथे मूक प्रसंग घ्या. रामकुंडावर संध्याकाळी आरती आणि गर्दी, त्यामुळे संवाद पहाटे. पांडवलेणी पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, ट्रायपॉड लावून शूटिंग करायचं तर आधी परवानगी काढा. देवळाली परिसरात ड्रोन उडवायचा विचारही नको, लष्करी भाग आहे. गंगापूर धरणाचं बॅकवॉटर शेवटच्या प्रसंगाला उत्तम, फक्त डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि चांगला उजेड जेमतेम अर्धा-पाऊण तास टिकतो. वारा असतो, म्हणून कॉलर माइकला फरचं कव्हर हवंच. प्रत्येक ठिकाणी एक मिनिट नुसता आजूबाजूचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, कट जोडताना तोच वाचवतो.

कलाकार नवखे असतील तर संवादांआधी ती पापड-कांद्याची देवघेव घोटवून घ्या, हाताकडे न बघता जमेपर्यंत. रफ कट (पहिली कच्ची जोडणी) झाला की आवाज बंद करून चार-पाच अनोळखी लोकांना दाखवा आणि विचारा: कोण आधी प्रेमात पडलं, आणि कुठे? उत्तरं फार वेगळी आली तर मधल्या दहा मिनिटांत एखादा क्लोजअप कमी आहे. म्हणून शूटच्या वेळीच दोघांचे ऐकतानाचे, न बोलतानाचे चेहरे प्रत्येक प्रसंगात अर्धा मिनिट जास्त घेऊन ठेवा. कबुलीचा प्रसंग शेवटच्या दिवशी ठेवा, तोवर दोघं एकमेकांना सरावलेले असतील, आणि त्या दिवशी दुसरं काहीही शूट करू नका.