ॲप उडवायचं नाही, मग करायचं काय?

"मॅडम, तीनदा फेसबुकचं ॲप काढून टाकलं. तिन्ही वेळा आठवड्याच्या आत परत घेतलं," त्या बसता बसताच म्हणाल्या. वय चाळिशीच्या आसपास, घरून मुद्रितशोधनाचं काम. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) कामं मिळायची ती फेसबुकवरच्या ग्रुपमधून, त्यामुळे साइटच ब्लॉक करणं परवडणारं नव्हतं. "माझ्यात निग्रहच नाही," असा निकाल त्यांनी स्वतःच लावून टाकला होता.

मी म्हटलं, आठवडाभर काहीच कमी करू नका. फक्त फोन हातात घेतला की त्याआधी काय चाललं होतं, एवढं वहीत लिहा. किती मिनिटं गेली ते नको, तो हिशेब फोन ठेवतोच.

वही आली. दिवसाच्या नोंदी जवळपास एकाच घरातल्या: 'वाक्य लागत नाहीये', 'लेखकाला चूक कळवायची आहे', 'बिल पाठवायचं राहिलंय'. रात्रीची नोंद मात्र रोज तीच: 'सगळे झोपले. आता माझा वेळ.'

म्हणजे सवयी दोन होत्या आणि दोन्हींना त्या एकाच काठीने हाकत होत्या.

दिवसाच्या सवयीत दोष एकट्या त्यांचा नाही. स्क्रोल करताना दर वेळी काही सापडत नाही, अधूनमधून सापडतं. असं अनियमित मिळणारं बक्षीस सवय किती चिवट करतं, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं. त्यात हा फीड संपतच नाही. पूर्वी पान संपायचं, बोट थांबायचं, उठावं की बसावं हे त्या क्षणी ठरायचं. 2006 मध्ये एझा रास्किन या डिझायनरांनी न संपणारं स्क्रोल तयार केलं आणि तो क्षणच गेला. पुढे त्यांनी स्वतःच त्याबद्दल खंत व्यक्त केली.

मग आम्ही तो क्षण परत आणला. फोनवरून लॉगआउट, पासवर्ड सेव्ह करायचा नाही. ग्रुप बघायचा तर कॉम्प्युटरवर, आणि पासवर्ड टाकण्याआधी कशासाठी जातोय ते वहीत एका ओळीत. पण खरी मेख अडलेल्या वाक्यात होती, म्हणून एक जर-तर ठरवलं: वाक्य अडलं, तर समासात पेन्सिलने खूण करायची आणि पुढच्या परिच्छेदावर जायचं. इतकंच. मला स्वतःला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दार कितीही जड केलं तरी माणूस कशापासून पळतोय ते तसंच राहिलं, तर तो खिडकी शोधतो.

दुसऱ्या आठवड्यात एक अख्खी दुपार गेली. चेहरा पाडून आल्या. बघितलं, तर आदल्या दिवशी 'सोयीसाठी' म्हणून ब्राउझरमध्ये पासवर्ड सेव्ह केला होता! तो काढला, बाकी फार चर्चा केली नाही.

रात्रीच्या वेळेला मी हात लावला नाही. दिवसभरात तेवढाच वेळ त्यांचा होता. फक्त चार्जर पलंगापासून लांब न्यायला सांगितलं. तोही त्यांनी दोन आठवडे नेला नाही.

शेवटच्या भेटीत वही उघडून म्हणाल्या, "काल लिहिलं, 'कंटाळा आला म्हणून'. आणि तरीही गेले."

"किती वेळ?"

"असतील वीसेक मिनिटं. पण बिल पाठवून मग गेले."