तक्रार केली तर राग आईवर काढतील का?

आई-वडील वृद्धाश्रमात किंवा केअर सेंटरमध्ये असलेली मुलं समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा सुरुवात वेगवेगळ्या विषयांनी होते. थोड्या वेळानं मात्र बहुतेकजण एकाच ठिकाणी अडखळतात. तिथलं काहीतरी खटकतंय, पण आपण बोललो आणि निघून आलो, की मागे आईचं काय होईल? याच काळजीत अडकलेल्या एका ताईंचा अनुभव इथे सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ताई ठाण्याला राहतात, बँकेत नोकरी करतात. आईचं वय 79, डिमेन्शिया. गॅस चालू राहायला लागला, मध्यरात्री कडी काढून आई जिना उतरायला लागल्या, घरी ठेवलेल्या बाईंनी काम सोडलं. मग पुण्याजवळच्या एका केअर सेंटरमध्ये ठेवलं. भाऊ अमेरिकेत, पैसे तो पाठवतो. ताई एक रविवार सोडून जातात. अशाच एका रविवारी दुपारचे बारा वाजले तरी आई गुंगीत होत्या, ओठ सुकलेले, दोन्ही मनगटांवर निळसर वळ. तिथे देखभाल करणाऱ्या मावशी अगदी सहज म्हणाल्या, "आजी रात्री ऐकत नाहीत हो, सारख्या उठतात. पडू नयेत म्हणून जरा ओढणीनं बांधतो." ताई "बरं" म्हणाल्या, मावशींच्या हातात पाचशे रुपये ठेवले आणि बसमध्ये ठाण्यापर्यंत रडत आल्या.

मी आधी त्या पाचशे रुपयांबद्दलच विचारलं. दर भेटीला देतात, दिवाळीला साडीही दिली. "त्या खूश राहिल्या तर आईकडे नीट बघतील." त्यात आभारापेक्षा भीती जास्त होती, आणि त्या भीतीच्या मुळाशी अपराधीपणा. नात्यातल्या कुणीतरी "आईला आश्रमात टाकलं" म्हटलेलं त्यांच्या मनातून गेलं नव्हतं. आपणच जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात टाकली, आता बोलायचा आपल्याला हक्क काय, असं त्या धरून चालल्या होत्या. आमची सुरुवातीची बरीच सत्रं यावरच गेली. चोवीस तास जागं राहून आईला सांभाळणं एकट्या माणसाला शक्य नव्हतं, हे त्यांना स्वतःच्या तोंडून म्हणता यायला वेळ लागला.

राग काढण्याची भीती खोटी आहे, असं मी त्यांना सांगितलं नाही. तसं करणारी माणसं असतात. पण इतक्या कुटुंबांबरोबर काम करून माझं मत पक्कं झालंय: ज्यांची चौकशी करायला कुणी येत नाही, त्यांची हेळसांड आधी होते. मावशीला चारचौघांत फैलावर घेतलं, तर राग निघू शकतो. तीच गोष्ट व्यवस्थापकांकडे लेखी, प्रश्नाच्या रूपात गेली, की या आजींवर कुणाचं तरी लक्ष आहे हे सगळ्या मजल्याला कळतं.

ताईंनी मेल लिहिला. "आईचे हाल करतात" असं नाही. तारीख, वेळ, दोन्ही मनगटांवर वळ दिसले, मावशी काय म्हणाल्या, एवढंच. सोबत फोटो. आणि तीन गोष्टी मागितल्या: औषधांचा तक्ता, रात्री मजल्यावर किती माणसं असतात, आणि बांधण्याचा निर्णय कुणाचा.

तक्त्यात रात्रीची एक नवी गोळी निघाली, अस्वस्थपणा कमी करण्यासाठी सुरू केलेली. घरच्यांना कुणी कळवलं नव्हतं. डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये अशा काही मनोविकारविरोधी औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2005 सालीच दिलेला आहे. कधीकधी ती द्यावी लागतात, पण विचार करून, कमीत कमी मात्रेत आणि पुन्हा पुन्हा तपासून. (आपल्या मनानं बंद मात्र करू नयेत. डॉक्टरांशी बोलूनच.)

रात्री मजल्यावर 14 आजी आणि एकच मावशी. डायपर संध्याकाळी आठला बदललेलं, ते थेट सकाळी सहाला. आजी रात्री का उठतात, हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. त्यांना लघवीला जायचं असायचं! तपासणीत लघवीचा संसर्गही निघाला. म्हाताऱ्या माणसांत तो पुष्कळदा ताप न येता, फक्त वाढलेल्या गोंधळातून आणि अस्वस्थपणातून दिसतो. बांधल्यानं तर अस्वस्थपणा आणखी वाढतो, एका जागी पडून शय्याव्रण होतात, सुटायच्या धडपडीत इजा होते. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मानसोपचार संस्थांनासुद्धा बांधण्याची मुभा फक्त तातडीचा धोका टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं आणि नोंद करून देतो. मावशींच्या ओढणीला यातलं काहीच नव्हतं. त्या मावशीही रात्रभर एकट्या धावत होत्या, हेही मी ताईंना सांगितलं.

व्यवस्थापकांचं पहिलं उत्तर आलं: "पटत नसेल तर घेऊन जा." याची आम्हाला कल्पना होती. म्हणून मेल पाठवण्याआधीच ताईंनी दुसरी दोन ठिकाणं पाहून ठेवली होती, तिथल्या रात्रपाळीबद्दल विचारून. त्यामुळे त्या शांतपणे म्हणू शकल्या, "गरज पडली तर नेईन. आधी या तीन प्रश्नांची उत्तरं द्या."

उत्तरं मिळाली. बांधणं बंद झालं, आईंची खोली सिस्टरच्या टेबलाजवळ आली, रात्री अकरा आणि तीनला टॉयलेटला नेण्याची नोंद सुरू झाली, गोळीची मात्रा डॉक्टरांनी टप्प्याटप्प्यानं उतरवली. रात्रीचं माणूस वाढवायला सेंटर अजून तयार नाही आणि ताईंचा तो आग्रह चालू आहे.

मात्र सगळीकडे असा धीर धरू नका. तुम्हाला आईशी एकांतात भेटू देत नसतील, जखमेचं कारण दर वेळी वेगळं सांगत असतील, ठराविक माणूस खोलीत आला की आई आक्रसत असेल, माकडहाडावर किंवा टाचेवर व्रण लपवलेला सापडला, तर पत्रव्यवहार करत बसू नका. डॉक्टरांना दाखवा, आईला हलवा, पोलिसांत जा. ज्येष्ठ नागरिकांसाठीची 14567 ही हेल्पलाइन मोफत आहे.

ताई आता रविवार ठरवून जात नाहीत. कधी बुधवारी नाश्त्याच्या वेळी, कधी संध्याकाळी पोचतात. भावानंही फोनची वेळ बदलली. त्याची दुपार म्हणजे इथली रात्र, म्हणून तो दहाच्या पुढे व्हिडिओ कॉल करतो आणि रात्रपाळीच्या मावशींशी नाव घेऊन बोलतो. आई त्याला ओळखतातच असं नाही.